उद्याचा खेळाडू कसा ओळखावा?

(बी. ए., द्वितीय वर्ष)

परीक्षेचा निकाल लागला की वर्गात पहिला कोण आला हे सांगायला विद्वत्ता लागत नाही. गुणपत्रिका ते काम करते. परंतु यांतला कोण दहा वर्षांनी आपल्या विषयात नाव काढील, हे गुणपत्रिकेवरून कळत नाही. त्यासाठी विद्यार्थ्याला जवळून ओळखणारे शिक्षक लागतात. मैदानावरही हाच फरक आहे. आज कोण चांगला खेळला हे धावफलक सांगतो. उद्या कोण खेळेल हे ओळखणे ही मात्र एक स्वतंत्र विद्या आहे. प्रस्तुत लेखात या विद्येचा थोडा विचार करण्याचा माझा प्रयत्न आहे.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोली भागाला हा विषय जवळचा आहे. धान कापून झाले की रिकाम्या बांध्यांत खेळपट्टी तयार होते आणि गावोगाव टेनिस बॉलचे सामने सुरू होतात. कोळसा खाणींच्या वसाहतींतही हेच दृश्य दिसते. भोंग्यावरून धावांचा पुकारा होतो, बक्षिसे लागतात, चांगल्या गोलंदाजाचे नाव चार गावांत होते. पुढे काय होते? चार-पाच वर्षांत तो मुलगा पोलीस भरतीच्या तयारीला लागतो, नाहीतर मजुरीसाठी बाहेर जातो, आणि त्याच्या जागी दुसरा येतो. यांतले सगळेच मोठे खेळाडू झाले असते असे नव्हे. पण एखादा तरी झाला असता का, हे पाहण्याची आपल्याकडे काही रीत आहे का, एवढाच माझा प्रश्न आहे.

बेसबॉलमधील रीत

या प्रश्नाचा सर्वांत पद्धतशीर विचार आपल्याकडे फारसा न खेळल्या जाणाऱ्या एका खेळात झालेला आहे. तो खेळ म्हणजे अमेरिकेतील बेसबॉल. तेथे सर्वोच्च स्तरावर ३० व्यावसायिक संघ आहेत. प्रत्येक संघ स्वतःच्या हाताखाली खालच्या स्तरांवरचे संघ बाळगतो. २०२१ पासून असे एकूण १२० संघ आहेत, म्हणजे प्रत्येक मोठ्या संघामागे चार. शेतकरी जसा आधी पऱ्हे टाकतो आणि मग रोवणी करतो, तसे हे मोठे संघ खेळाडू वाढवतात. किंबहुना या पद्धतीला तिकडे शेतीवरूनच नाव पडले आहे. सेंट लुईस कार्डिनल्स या संघाचे ब्रँच रिकी यांनी १९२० च्या दशकात ती रूढ केली. तयार खेळाडू विकत घेण्याइतका पैसा त्या संघाजवळ नव्हता, म्हणून त्यांनी खेळाडू लहानपणीच हेरून वाढवण्याचा मार्ग धरला. गरिबीतून निघालेली ही युक्ती पुढे श्रीमंत संघांनीही उचलली.

खालच्या स्तरावरील तरुणांची पाहणी करायला जाणकार माणसे गावोगाव फिरतात. ती खेळाडूला २० ते ८० या मापात गुण देतात. सर्वोच्च स्तरावरील सर्वसाधारण खेळाडू म्हणजे ५०. फलंदाजाच्या बाबतीत पाच गोष्टी पाहिल्या जातात: चेंडू अचूक मारणे, जोराने मारणे, धावणे, फेक आणि क्षेत्ररक्षण. आता महत्त्वाचा भाग असा की प्रत्येक गोष्टीसाठी एक नव्हे, दोन आकडे लिहिले जातात. एक आजचा आणि एक उद्याचा. सतरा वर्षांच्या पोराची मारण्याची ताकद आज ३० असेल, पण त्याची हाडापेराची ठेवण आणि हाताचा वेग पाहून पाहणारा पुढच्या रकान्यात ५५ लिहितो. आपल्याकडच्या बहुतेक निवडींत हा दुसरा रकानाच नसतो, असे मला वाटते.

अर्थात ही पद्धत अचूक नाही. १९८८ साली माईक पियाझा या खेळाडूची निवड ६२ व्या फेरीत, १,३९० व्या क्रमांकावर झाली, आणि तीही घरच्या ओळखीमुळे. तो पुढे त्या खेळाच्या इतिहासातील थोर खेळाडूंत गणला गेला आणि २०१६ मध्ये त्याला तेथील सर्वोच्च सन्मान मिळाला. उलट १९९१ साली ब्रायन टेलर हा देशात पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. खांद्याला दुखापत झाली आणि सर्वोच्च स्तरावर तो एकही सामना खेळू शकला नाही. इतका पैसा आणि इतकी माणसे लावूनही अंदाज चुकतात. म्हणून तेथे एका पाहणीवर कायमचा निकाल देत नाहीत. पुन्हा पुन्हा पाहतात, गुण बदलतात.

विदर्भाचे उदाहरण

आता आपल्या घरी येऊ. विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून रणजी करंडक स्पर्धेत आहे. पहिले विजेतेपद मिळायला मात्र २०१७-१८ चा हंगाम उजाडावा लागला. इंदूरच्या अंतिम सामन्यात दिल्लीला नऊ गड्यांनी हरवून विदर्भ विजेता झाला. त्या सामन्यात रजनीश गुरबानी याने हॅटट्रिक घेतली. त्याने अभियांत्रिकीचे शिक्षण पूर्ण केलेले होते. पुढच्याच वर्षी विदर्भाने करंडक राखला आणि २०२४-२५ मध्ये तिसऱ्यांदा जिंकला. या तिसऱ्या विजयात हर्ष दुबे या बावीस वर्षांच्या फिरकी गोलंदाजाने हंगामात ६९ बळी घेऊन स्पर्धेचा विक्रम केला. दानिश मालेवार या एकवीस वर्षांच्या फलंदाजाने अंतिम सामन्यात १५३ आणि ७३ धावा काढल्या. साठ वर्षे जो संघ इतरांच्या गणतीत नव्हता, त्याच्याकडे आता एकामागून एक तरुण तयार होत आहेत.

परंतु आपल्या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण उमेश यादव यांचे आहे. वडील नागपूरजवळच्या वलनी येथील कोळसा खाणीत कामगार. उमेश टेनिस बॉलवर खेळत मोठे झाले. पोलीस भरतीचा प्रयत्न केला, तो फसला. वयाची विशी येईपर्यंत लेदर बॉलचे रीतसर क्रिकेट त्यांच्या वाट्याला आले नव्हते. म्हणजे सोळा वर्षांखालील, एकोणीस वर्षांखालील, अशा वयोगटांच्या ज्या पायऱ्या चढून खेळाडू वर येतात, त्या सगळ्या त्यांच्या हातून निसटल्या होत्या. कागदावर पाहिले तर या मुलाच्या नावावर एकही धड आकडा नव्हता. विदर्भाचे तेव्हाचे कर्णधार प्रीतम गंधे यांनी आकडा पाहिला नाही. चेंडूचा वेग पाहिला. नोव्हेंबर २००८ मध्ये, एकविसाव्या वर्षी, उमेश रणजी सामना खेळले आणि त्या हंगामात चार सामन्यांत २० बळी मिळवले. माजी कसोटी गोलंदाज सुब्रतो बॅनर्जी यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. नोव्हेंबर २०११ मध्ये दिल्लीला वेस्ट इंडिजविरुद्ध ते पहिला कसोटी सामना खेळले. २०१५ च्या विश्वचषकात भारताकडून सर्वाधिक म्हणजे १८ बळी त्यांचेच होते. ५७ कसोटींत १७० बळी ही त्यांची पुढची कमाई.

याच विदर्भात दुसरे टोकही आहे. अकोल्याचा अथर्व तायडे सतराव्या वर्षीच कूचबिहार करंडकाच्या अंतिम सामन्यात त्रिशतक काढून सर्वांच्या नजरेत भरला आणि पुढे आयपीएलपर्यंत पोहोचला. अशा खेळाडूला ओळखायला फार कसब लागत नाही. मैदान, प्रशिक्षक आणि वयोगटाचे सामने हे सारे जवळ असले की आकडेच बोलू लागतात. कसब लागते ते वलनीच्या खाणीतला मुलगा ओळखायला. आणि आपल्या दोन जिल्ह्यांतला जवळजवळ प्रत्येक मुलगा हा वलनीच्या मुलासारखाच असतो.

चार प्रश्न

या उदाहरणांवरून तरुण खेळाडू पाहताना कोणते प्रश्न विचारावेत, हे मी माझ्या अल्पमतीने मांडतो.

पहिला प्रश्न वयाचा. समजा, एक मुलगा एकोणीस वर्षांचा आहे आणि सामन्यामागे ४० धावा काढतो. दुसरा सोळा वर्षांचा आहे आणि त्याच गोलंदाजीवर ३० काढतो. आजचा संघ निवडायचा तर पहिला घ्यावा. उद्याचा निवडायचा तर दुसऱ्याकडे नीट पाहावे. वयाचा परिणाम किती सूक्ष्म असतो हे कॅनडात १९८५ साली रॉजर बार्न्सली यांनी दाखवून दिले. तेथील आइस हॉकीच्या निवडक खेळाडूंत जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेले फार होते आणि वर्षाच्या शेवटी जन्मलेले फार थोडे. वयोगटाची तारीख १ जानेवारी असल्यामुळे वर्षारंभी जन्मलेली मुले इतरांपेक्षा काही महिन्यांनी थोराड असत. त्यांनाच हुशार समजून पुढे काढले जाई. आपल्याकडे तर आणखी एक अडचण आहे. खेड्यातल्या कितीतरी मुलांची जन्मतारीख शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली १ जून असते. क्रिकेट मंडळ सोळा वर्षांखालील मुलांच्या मनगटाचा क्ष-किरण काढून वय ठरवते, ते वयचोरी रोखण्यासाठी. पण ज्याला स्वतःचे खरे वय ठाऊक नाही, त्याचा आजचा आकडा कोणत्या वयाशी ताडून पाहायचा?

दुसरा प्रश्न, तो कोणाविरुद्ध आणि कशावर खेळला? बांधीतल्या खेळपट्टीवर ढेकूळ लागून चेंडू कुठेही उडतो. तेथे काढलेल्या वीस धावा आणि रोलर फिरवलेल्या खेळपट्टीवरच्या वीस धावा सारख्या नाहीत. उलट टेनिस बॉलवर षटकार मारणाऱ्याला लेदर बॉल स्विंग होऊ लागला की उभे राहता येईलच असेही नाही. आकडा खोटा नसतो, पण तो कोठून आला हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नसतो.

तिसरा प्रश्न, त्याच्यात शिकवून न येणारे असे काय आहे आणि शिकवता येण्यासारखे काय आहे? गोलंदाजाचा वेग, उंची, चपळाई ही बरीचशी जन्मजात असतात. टप्पा, दिशा, चेंडूची पकड ही शिकवता येतात. म्हणून वेग असलेला पण स्वैर गोलंदाज टाकून देऊ नये. तथापि केवळ एका गुणावर भाळूनही चालत नाही. २००८ साली भारतात जोराने चेंडू फेकणाऱ्यांची एक मोठी स्पर्धा झाली. तीतून रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशातील दोन भालाफेकपटू पुढे आले आणि पिट्सबर्ग पायरेट्स या बेसबॉल संघाने त्यांना करारबद्ध केले. ज्या खेळाचा चेंडूही त्यांनी पूर्वी हाती धरला नव्हता, त्यात ते खालच्या स्तरावर सामने खेळले, ही सामान्य गोष्ट नव्हे. परंतु सर्वोच्च स्तरापर्यंत दोघांपैकी कोणीही पोहोचले नाही. नुसता वेग पुरला नाही.

चौथा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सहा महिन्यांपूर्वी तो कसा होता आणि आज कसा आहे? दोन मुले आज एकाच ठिकाणी उभी असतील; पण एक तेथे पाच वर्षे उभा आहे आणि दुसरा काल-परवा तेथे पोहोचला आहे. शिकण्याचा हा वेग एका दिवशी दिसत नाही. त्यासाठी दोनदा पाहावे लागते.

एका दिवसाची चाचणी

आणि नेमके येथेच आपल्या भागातल्या मुलांचे नुकसान होते. माझा एक मित्र आहे. गावात त्याच्यासारखा वेगवान गोलंदाज नाही. एकदा तो निवड चाचणीला गेला. आदल्या दिवशी निघाला, एसटी बदलत पोहोचला, रात्र बसस्थानकावर काढली. दिवस तेंदूपत्त्याच्या हंगामाचे, म्हणजे घरच्या दोन दिवसांच्या कमाईवर पाणी. दुपारनंतर त्याचा नंबर लागला आणि त्याला सहा चेंडू मिळाले. लेदर बॉल त्याने त्या दिवशी पहिल्यांदा हातात घेतला होता. दोन चेंडू लांब गेले, एक फलंदाजाच्या डोक्यावरून गेला. "पुढचा," असे म्हटले गेले. तो रागावला नाही. मला एवढेच म्हणाला, "गड्या, बॉल कसा धरतेत हे कळेपर्यंत सहा बॉल संपून गेले."

अर्थशास्त्राच्या तासाला आम्ही नमुना निवड शिकतो. नमुना फार लहान असला तर त्यावरून काढलेला निष्कर्ष भरवशाचा नसतो, हे तेथे पहिल्यांदा सांगितले जाते. सहा चेंडू हा कोणत्याही गोलंदाजाचा नमुना होऊ शकत नाही. शिवाय ही चूक सर्वांना सारखी बाधत नाही. नागपूरच्या मुलाचे सहा चेंडू वाईट पडले तर प्रशिक्षकाने त्याला वर्षभर पाहिलेले असते. ते सहा चेंडू वर्षाच्या हिशेबात बुडून जातात. सिरोंच्याहून साडेतीनशे किलोमीटरहून अधिक प्रवास करून आलेल्या मुलाचे मात्र ते सहा चेंडू म्हणजेच त्याचे सारे आयुष्य.

येथे पोलीस भरतीची आठवण होते. १६०० मीटर आणि १०० मीटर धावणे, गोळाफेक. वेळ लावली, अंतर मोजले, गुण दिले. तेथे ते योग्यच आहे, कारण सर्वांना एकच माप असते आणि ते आधीपासून ठाऊक असते. घरच्या रस्त्यावर धावून तयारी करता येते. पण खेळाडूची पारख भरतीसारखी करून चालणार नाही. भरतीत आजची क्षमता मोजायची असते. खेळाडूच्या बाबतीत उद्याची.

शिखराची वाट

मग जंगलातल्या मुलांची पारख करताच येत नाही काय? येते, आणि त्याचा पुरावा आपल्याच जिल्ह्यात आहे. आदिवासी विकास विभाग आणि चंद्रपूर जिल्हा प्रशासन यांनी 'मिशन शौर्य' हा उपक्रम हाती घेतला. जिवती, देवाडा, बोर्डा येथील आश्रमशाळांतील मुलामुलींना एव्हरेस्टवर नेण्याचा हा बेत होता. ज्यांनी बर्फ कधी पाहिला नाही, त्यांना जगातील सर्वांत उंच शिखरावर न्यायचे! एका दिवसाच्या चाचणीवर ही निवड झाली असती तर काय दिसले असते? यांतल्या कोणालाही गिर्यारोहण येत नाही, एवढेच.

तसे झाले नाही. मुले टप्प्याटप्प्याने निवडली गेली. आधी प्राथमिक प्रशिक्षण, मग तेलंगणातील भोंगीरला खडक चढण्याचे शिक्षण, मग दार्जिलिंग, मग लडाखची थंडी. प्रत्येक टप्प्यावर आधी शिकवले गेले आणि नंतर पारखले गेले. अखेर दहा जण मोहिमेवर गेले आणि मे २०१८ मध्ये त्यांतील पाच जण ८,८४८ मीटर उंचीच्या शिखरावर पोहोचले. त्यांत मनीषा धुर्वे ही मुलगीही होती. या उपक्रमातून मी घेतलेला धडा असा, की ज्याला संधीच मिळाली नाही त्याची परीक्षा आधी घेऊ नये. त्याला आधी शिकवावे आणि तो किती लवकर शिकतो तीच परीक्षा समजावी.

नकाराचेही मोल

आता दुसरी बाजूही मांडली पाहिजे. शिखरावर पाच पोहोचले, तसे पाच पोहोचले नाहीत. बेसबॉलच्या खालच्या संघांत खेळणाऱ्यांपैकी बहुतेक जण वर जातच नाहीत. श्रीमंत घरातल्या मुलाची पाच वर्षे खेळात गेली तर त्याचे फारसे बिघडत नाही. आमच्यासारख्यांच्या घरात तसे नसते. महाविद्यालयाची पायरी चढलेला मी आमच्या घरातला पहिलाच. माझ्या वडिलांना शिक्षणाबद्दलही एकदा विचारावेसे वाटले होते, "यातून पुढे काय?" खेळाबद्दल तर ते विचारणारच, आणि तो प्रश्न चुकीचा नाही. म्हणून चांगली पारख म्हणजे सर्वांना आशा दाखवणे नव्हे. ज्याच्यात ते नाही त्याला वेळीच आणि कारणासह नाही म्हणणे, हाही तिचाच भाग आहे. "पुढचा" हा शब्द म्हणजे नकार नव्हे. ती केवळ सुटका आहे. "तुझा वेग चांगला आहे, पण उडी घेताना तुझे पाऊल आडवे पडते, ते सुधारून सहा महिन्यांनी ये," किंवा "तुझा वेग वाढण्यासारखा नाही, तू आनंदासाठी खेळ आणि अभ्यास कर," यांपैकी काहीही ऐकून परत आलेला मुलगा रिकाम्या हाताने परतत नाही.

आपण काय करू शकतो?

नागपूरला किंवा मुंबईला काय व्हावे हे सांगण्याचा माझा अधिकार नाही. आपल्या महाविद्यालयात मात्र एक गोष्ट होऊ शकते. जिमखान्यात एक साधी वही ठेवावी. क्रिकेट असो, कबड्डी असो की धावणे, प्रत्येक खेळाडूला, मुलगा असो वा मुलगी, तीत एक पान द्यावे. पानावर खरे वय, उंची, घरापासून मैदानाचे अंतर आणि आजवर मिळालेले प्रशिक्षण लिहावे. त्याखाली दोन रकाने असावेत: आज काय येते आणि उद्या काय येऊ शकेल. दर तीन महिन्यांनी क्रीडाशिक्षकांनी आणि संघनायकाने ते पान पुन्हा भरावे. गोंडवाना विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांसाठी संघ निवडताना ही वही समोर असावी. आणि आपला खेळाडू बाहेर चाचणीला जाईल तेव्हा त्या पानाची नक्कल त्याच्या खिशात असावी. समोरच्याने ती वाचावीच असा आग्रह धरता येणार नाही. पण सहा चेंडूंच्या मागे तीन वर्षे आहेत, एवढे तरी ती सांगेल.

या वहीला खर्च चाळीस-पन्नास रुपये येईल. पहिले पान कोणाचे असावे हे मी सुचवू शकतो. तो धान कापणीला गावी गेला आहे. परत आला की त्याच्या हातात लेदर बॉल द्यावा, आणि सहा नव्हे, सहाशे चेंडू टाकू द्यावेत.